गृहलक्ष्मीचे तीन हप्ते आणि साडेचार हजारांचं पॅकेज

«ताई, मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. वय ४६. दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या स्तनात गाठ निघाली. कॅन्सर. तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या. त्यांच्या आईलाही असंच काही झालं होतं म्हणतात. आम्ही घाबरून थेट एका खासगी हॉस्पिटलात गेलो. तपासण्या आणि ऑपरेशन मिळून दीड लाखाच्या वर गेले. जाऊबाईंचं गंठण आणि पाटल्या पतसंस्थेत गहाण पडल्या. त्यांचं रेशन कार्ड बीपीएल आहे, पण तेव्हा ते कुणी विचारलं नाही आणि आम्हालाही सुचलं नाही. आता त्या बऱ्या आहेत, गोळ्या चालू आहेत.

तेव्हापासून मला वाटतं, घरात हा आजार शिरला, आता पुढची मी. मला गाठ वगैरे काही लागत नाही. आमच्या भागात एका शिबिराची जाहिरात फिरतेय. ‘महिला कॅन्सर पॅकेज’, ४,५०० रुपये, त्यात मॅमोग्राफी, रक्तातली कॅन्सरची तपासणी आणि बाकी रक्त-लघवी. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे तीन हप्ते, सहा हजार रुपये, मी साठवलेत. यजमान म्हणतात, काही होत नसताना पैसे कशाला घालवायचे. आमचं कार्ड एपीएल, म्हणजे सरकारचं आम्हाला काही नाही. माझी मावसबहीण इंग्लंडला असते, पन्नाशी झाल्यावर तिला सरकारचंच पत्र आलं, तपासणी फुकट. आपल्याकडे असं का नाही? भाऊ कोल्हापूरला आहे, तो म्हणतो इकडे ये, महात्मा फुले योजनेत सगळं होतं. यजमान बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत आहेत, पीएफ आणि ईएसआय कापून सतरा-अठरा हजार हातात येतात. काय करू?»

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात शेवटी यजमानांच्या पगाराबद्दलचं एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, पण तुमच्या खर्चाचं बरंचसं उत्तर त्याच वाक्यात आहे. तिथे येतेच. आधी मनातली भीती.

जाऊबाईंचा आजार तुमच्याकडे येणार नाही. तो संसर्गाचा नाही. एका घरात राहून, एका चुलीवरचं खाऊन, एकमेकींची लुगडी नेसून तो लागत नाही. काही कुटुंबांत तो रक्तातून पुढे जातो, हे खरं. पण जाऊबाईंचं आणि तुमचं रक्ताचं नातं नाही, तुम्ही दोघी लग्न करून एका घरात आलात. तुमच्या आईला, मावशीला, सख्ख्या बहिणीला हा आजार झाल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. तेव्हा तुमचा धोका तुमच्या वयाच्या इतर कुठल्याही बाईइतकाच आहे. तो शून्य नाही. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाचा कर्करोग झाला आणि सुमारे ९८ हजार दगावल्या. म्हणून तपासणी करायचीच. पण धास्तीपोटी जी पहिली जाहिरात दिसेल तिच्या मागे जायचं नाही. आणि हो, तुमच्या घरात एक मुलगी असेल, तर खरी काळजी तिची करायला हवी. तिच्याबद्दल शेवटी लिहिते, तोवर पत्र खाली ठेवू नका.

ते पॅकेज घेऊ नका. रक्तातली कॅन्सरची तपासणी म्हणून जी विकली जाते ती बहुधा ट्यूमर मार्करची असते, म्हणजे कर्करोगात रक्तात वाढू शकणारा एखादा घटक मोजतात. स्तनाच्या बाबतीत सीए १५-३ नावाचा मार्कर असतो. काही रुग्णांमध्ये उपचार कसे चाललेत हे पाहायला डॉक्टर तो वापरतात. धडधाकट बाईत आजार शोधायला त्याचा उपयोग नाही. लहान गाठ असली तरी तो नॉर्मल येऊ शकतो, आणि काहीही नसताना वाढलेला येऊ शकतो. नॉर्मल आला की बाई निर्धास्त होते, वाढला की पुढच्या तपासण्यांच्या चक्रात अडकते. दोन्हीकडून नुकसान तिचंच. बाकीच्या रक्त-लघवीचा कर्करोगाशी काही संबंध नाही. उरली मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे. ती कामाची आहे, पण एकटी करून घेतली तर बेळगाव-कोल्हापूरकडे खासगीत साधारण दीड ते तीन हजारांत होते. उरलेले पैसे तुम्ही जाहिरातीच्या नावाचे देता.

आता सरकार कशाचे पैसे देतं आणि कशाचे नाही, ते सांगते. हे एकदा नीट कळलं की अर्ध्या चुका टळतात.

तुमच्या गावच्या आशाताईंनी कधीतरी घरी येऊन एक फॉर्म भरला असेल. वय काय, तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, असलं विचारत. त्याच फॉर्मात बायकांसाठी तीन प्रश्न असतात: स्तनात गाठ आहे का, स्तनाग्रातून रक्तासारखा स्राव येतो का, स्तनाच्या आकारात बदल झालाय का. पुष्कळ घरांत हे प्रश्न सासऱ्यांच्या, दिरांच्या देखत विचारले जातात आणि बाई मान हलवून तिन्हींना ‘नाही’ म्हणते. त्या एका फॉर्ममागे आशाताईंना १० रुपये मिळतात. कमी आहेत, फार कमी आहेत. पण देशाच्या कर्करोग तपासणीची पहिली पायरी तीच आहे. तो कार्यक्रम ३० वर्षांवरच्या सगळ्यांसाठी आहे. तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा, असे तीन कर्करोग त्यात येतात. त्याला पैसे राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतात, शंभरातले ६० केंद्राचे आणि ४० राज्याचे. त्यात रेशन कार्डाचा रंग कुणी बघत नाही. एपीएल असो, बीपीएल असो, कार्ड नसो, उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टर, आरोग्य अधिकारी किंवा डॉक्टर हाताने स्तनांची तपासणी करून देतील आणि त्याचे पैसे लागत नाहीत. ‘सरकारचं आम्हाला काही नाही’ हे इथे खरं नाही. कर्नाटकाने २०२४ साली कोलार जिल्ह्यातून ‘गृह आरोग्य’ योजना सुरू केली, तीत कर्मचारी घरी येऊन अशाच तपासण्या करतात. तुमच्या दारात आले तर परत पाठवू नका. बेळगाव शहरात राहणाऱ्या वाचक भगिनींनी जवळच्या सरकारी ‘नम्म क्लिनिक’मध्ये चौकशी करावी.

हे सगळं असूनही २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असं दिसलं, की देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी स्तनांची तपासणी झालेल्या बायका फक्त ०.९ टक्के होत्या. शंभरात एकसुद्धा नाही. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

हाताने तपासून काय कळणार, असं तुम्हाला वाटेल. इंग्लंडच्या बहिणीला यंत्र आणि आम्हाला हात? हा प्रश्न रास्त आहे. तिकडे १९८८ पासून मॅमोग्राफीचा सरकारी कार्यक्रम चालू आहे. ५० ते ७१ वयाच्या बायकांना दर तीन वर्षांनी बोलावणं येतं आणि मॅमोग्राफी फुकट होते. तिकडे वयाचा फरक काढून टाकला तरी दर लाख बायकांमागे हा आजार आपल्यापेक्षा तीन पटींहून जास्त आहे. शिवाय यंत्रं आहेत, फिल्म वाचणारे तज्ज्ञ आहेत. आपल्याकडे तो तुलनेने तरुण वयात दिसतो, आणि तरुण स्तन दाट असल्यामुळे मॅमोग्राफीत गाठ लपू शकते. एवढ्या मोठ्या देशात खेडोपाडी यंत्र पोचवून, चालू ठेवून, दर दोन-तीन वर्षांनी प्रत्येकीला बोलावणं हा खर्च सरकारने अजून अंगावर घेतलेला नाही. घ्यायला हवा का? ५० च्या पुढच्या बायकांसाठी तरी जिल्ह्याच्या ठिकाणी घ्यायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. राज्याच्या २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांना डिजिटल मॅमोग्राफी यंत्रं देण्याची घोषणा झाली होती. पाऊल चांगलं आहे, पण यंत्रासोबत ते चालवणारा माणूस आणि फिल्म वाचणारा डॉक्टरही लागतो.

पण हाताला कमी समजू नका. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली झोपडवस्तीतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक बायकांचा अभ्यास सुरू केला. अर्ध्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली, तीही डॉक्टरांनी नव्हे, शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी. वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या बायकांत आजार लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि ५० वर्षांवरच्या बायकांत या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही मी तुम्हाला सांगायला हवं, कारण तुम्ही ४६ च्या आहात. तरीही गाठ लहान असताना सापडण्याला किंमत असते. कधी पूर्ण स्तन काढावा लागत नाही, कधी केमोथेरपी टळते, आणि घरावर पडणारा बोजा कितीतरी हलका होतो.

उपकेंद्रात जाताना एक लक्षात ठेवा. आपल्या बायका लाजून ‘छातीत कसंतरी होतंय’ म्हणतात. मी रुग्णालयात समुपदेशक म्हणून काम करत असताना अशा कितीतरी जणी पाहिल्या, ज्यांना त्या एका शब्दामुळे हृदयाच्या तपासणीला पाठवलं गेलं आणि दोन-दोन महिने गेले. ‘स्तनांची तपासणी करायची आहे’ असंच म्हणा. सिस्टर कन्नड बोलणाऱ्या असतील तरी ‘स्तन’ हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे. गाठीला कन्नडमध्ये ‘गंटु’ म्हणतात. ‘स्तनदल्ली गंटु इदे’ एवढं आपल्या भागातल्या प्रत्येक बाईला म्हणता आलं पाहिजे, मग तिची मायबोली कुठलीही असो. बाई कर्मचारी मागा, दार लावायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.

तर, हाताच्या तपासणीचे पैसे सरकार देतं. दुसऱ्या टोकाला मोठ्या उपचाराचेही देतं. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं त्यात येतं. एपीएल कुटुंबाला योजनेत त्या उपचाराला ठरवलेल्या दराच्या ३० टक्के रक्कम मिळते, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत, बाकीचे आपण भरायचे. म्हणजे एपीएललाही अगदीच काही नाही असं नाही.

अडकतं ते मध्ये. उपकेंद्रात गाठ लागली, आणि अजून ऑपरेशन ठरलेलं नाही, या दोहोंमधल्या दिवसांत मॅमोग्राफी, सोनोग्राफी, बायोप्सी (गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणं) आणि त्या तुकड्यावरच्या पुढच्या तपासण्या होतात. या योजना मुख्यतः भरती झालेल्या रुग्णासाठी आहेत. बाह्यरुग्ण विभागातल्या तपासण्या त्यात सहसा बसत नाहीत. काही हजारांचा खेळ असतो, पण हातात रोख लागते, आणि बाई नेमकी इथेच थांबते. ‘सुगी झाल्यावर बघू’, ‘पोरीचं लग्न होऊ दे’, ‘काजूचे पैसे आले की जाऊ’. मी ज्या बायकांना हातातून गेलेल्या पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकींकडे ऑपरेशनला पैसे नव्हते असं नाही. ऑपरेशनपर्यंत पोचायला पैसे नव्हते.

हा मधला खर्च वाचवण्याचा एकच भरवशाचा रस्ता आहे. सुरुवात सरकारी दारातून करायची आणि चिठ्ठी हातात घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. जाऊबाईंच्या बाबतीत हेच राहून गेलं. आरोग्य कर्नाटकचा नियम असा, की तातडीची वेळ सोडली तर रुग्णाने आधी सरकारी रुग्णालयात जायचं. तिथे तो उपचार होत नसेल तर तिथले डॉक्टर रेफरल चिठ्ठी देतात आणि ती घेऊन योजनेतल्या खासगी रुग्णालयात जाता येतं. थेट खासगीत गेलं की बीपीएल कार्ड खिशात असूनही पैसे भरावे लागतात. तुमचा दोष नाही त्यात. घरात कुणाला कॅन्सर म्हटल्यावर माणसाला जवळचं आणि मोठं दिसणारं दार आधी दिसतं. पण पुढच्या वेळी, देव करो आणि तशी वेळ न येवो, आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात किंवा बेळगावच्या सिव्हिलमध्ये जा. बीम्स म्हणतात तेच सिव्हिल. तिथे सर्जरी विभागात दाखवा. तपासण्यांचा खर्च तिथे खासगीच्या मानाने फारच कमी असतो. मग जिथे पाठवतील तिथे, बेळगावातल्या खासगी रुग्णालयात, हुबळीला किंवा बेंगळुरूच्या किदवाई कॅन्सर संस्थेत, चिठ्ठी आणि कार्ड घेऊन जा. योजनेच्या रुग्णांना मदत करायला तिथे आरोग्यमित्र असतात, दारातच ‘आरोग्यमित्र कुठे बसतात’ हे विचारा. पैसे भरण्याच्या खिडकीकडे जाण्याआधी त्यांच्याकडे जायचं. बसचं भाडंही द्यावं लागणार नाही, जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्याच्या साध्या बसमधून बायकांना प्रवास मोफत आहे. आधार कार्ड तेवढं बरोबर ठेवा.

आता तुमचं ते पगाराबद्दलचं वाक्य. यजमानांच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, कापला जातो.

ताई, हे कसलंसं कापणं नाही. तुमच्या घरातला सगळ्यात मोठा आरोग्य विमा तोच आहे. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगारांना तो लागू होतो. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. पगार वीस हजार धरला तर यजमानांचे १५० आणि कारखान्याचे ६५०, असे महिन्याला ८०० रुपये तुमच्या कुटुंबाच्या नावाने जमा होतात. गेली किती वर्षं जात असतील, विचार करा. आणि त्या विम्यात फक्त यजमान नसतात. बायको, मुलं, अवलंबून असलेले आईवडील सगळे येतात. मुख्य म्हणजे तो भरती झाल्यावरच लागू होतो असं नाही. ईएसआयच्या डिस्पेन्सरीत साधं दाखवायला जाता येतं, औषधं मिळतात, डॉक्टरांना गरज वाटली तर ते तपासण्या लिहून देतात. बेळगावात अशोकनगरला ईएसआयचं रुग्णालय आहे. तिथे जे होत नाही त्यासाठी ते करार असलेल्या रुग्णालयात पाठवतात. मघाशी मी ज्या मधल्या खर्चाबद्दल लिहिलं, तो तुमच्या बाबतीत ईएसआय उचलू शकतो. एपीएल कार्डाचं दुःख करत बसण्याचं तुम्हाला काहीच कारण नाही.

मात्र यजमानांना एक काम सांगा. कारखान्याच्या ऑफिसात जाऊन ईएसआयच्या ई-पहचान कार्डावर तुमचं आणि मुलांचं नाव चढलंय का ते बघायचं, नसेल तर चढवून घ्यायचं. फौंड्रीत पंधरा-पंधरा वर्षं काढलेल्या कामगारांच्या बायकांची नावं कार्डावर नसलेली मी पाहिली आहेत, आणि हे कळतं ते थेट आजारपणात. मोठ्या उपचारांसाठी ठराविक काळ वर्गणी भरलेली असावी लागते, त्यामुळे मध्ये नोकरी बदलली असेल तर जुना विमा क्रमांकच पुढे चालू ठेवला का, हेही बघायला सांगा. निपाणीकडच्या वाचक भगिनींनो, तुमच्यापैकी ज्या बिडी वळतात त्यांनीही आपलं बिडी कामगार ओळखपत्र शोधून ठेवा. त्यांच्यासाठीच्या कल्याण योजनेतून कर्करोगाच्या उपचाराला मदत मिळते, आणि ते कार्ड नसेल तर काही मिळत नाही.

भावाच्या म्हणण्याबद्दल. त्याचं मन चांगलं आहे आणि तो अगदी चुकीचंही बोलत नाही. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं. कर्नाटक सरकारने त्याला हरकत घेतली आणि २०२४ च्या जानेवारीत बेळगावात अर्ज भरून घेणारी केंद्रं प्रशासनाने बंद केली. आपल्या भागातल्या माणसाला हे सगळं किती लागतं, ते मला वेगळं सांगायला नको. पण या क्षणी प्रश्न तुमच्या तपासणीचा आहे, आणि ती दोन सरकारांच्या वादावर टांगून ठेवता येणार नाही. शिवाय तीही योजना उपचारांची आहे, नुसत्या तपासणीची नाही. कोल्हापूरला मोफत होईल म्हणून गेलात तरी मॅमोग्राफीचे पैसे बहुधा द्यावेच लागतील. भविष्यात कधी उपचारासाठी तिकडे जायची वेळ आलीच, तर भावाला आधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना तुमच्या गावाचं नाव आणि रेशन कार्ड दाखवून विचारू दे. होकार मिळाला तरच निघा.

यजमानांना काय सांगायचं? भांडू नका. जाऊबाईंच्या गंठणाची पावती त्यांनीही पाहिली आहे. दीड लाख गेले ते काही होत नसताना तपासून घेतलं म्हणून नाही, चुकीच्या दारातून गेल्यामुळे गेले, हे त्यांना सांगा. उपकेंद्रात पैसे लागत नाहीत, ईएसआयचे पैसे त्यांनी आधीच भरलेत. त्यांच्याकडून तुम्हाला हवाय तो एक दिवस, आणि ऑफिसातली एक फेरी. आणि गृहलक्ष्मीचे पैसे तुमच्या नावावर येतात ताई. ते तुमच्या प्रकृतीवर खर्च केले तर तुम्ही घराचं काही हिरावून घेत नाही. हे मला लिहावं लागतंय, कारण तुमच्या पत्रात त्या पैशांचा उल्लेख करताना तुम्ही अपराध्यासारखं लिहिलंय.

मग तुम्ही नेमकं काय करायचं? या आठवड्यात उपकेंद्रात जाऊन हाताने तपासणी करून घ्या आणि त्यांच्या रजिस्टरात नोंद झाली का ते बघा. कार्यक्रमात ती पाच वर्षांतून एकदा धरलेली आहे, पण तुम्ही वर्षाला एकदा जा, कुणी अडवणार नाही. त्याच वेळी गर्भाशयमुखाचीही तपासणी करून घ्या, ती त्याच कार्यक्रमात आहे आणि तिची लाज बाळगू नका. ईएसआय कार्डावर नाव असेल तर तिथल्या डॉक्टरांना वय सांगून मॅमोग्राफीबद्दल विचारा. ४० नंतर दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी करावी असं अमेरिकेतल्या तज्ज्ञ गटाने २०२४ मध्ये सुचवलंय. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात ती नाही. माझं मत विचाराल तर ४६ व्या वर्षी एकदा करून घ्या, ईएसआयमधून झाली तर उत्तम, नाही झाली तर तुमच्या साठवलेल्या सहा हजारांतून फक्त तेवढीच. पाळी येऊन गेल्यानंतरच्या आठवड्यात जा, तेव्हा दुखणं कमी असतं. त्या दिवशी काखेत किंवा छातीवर पावडर लावू नका, फिल्मवर ती ठिपक्यांसारखी दिसू शकते. यंत्र स्तन दाबतं, काही सेकंद दुखतं, मग संपतं. फिल्म आणि रिपोर्ट दोन्ही घरी आणा आणि जपून ठेवा, पुढच्या वेळी तुलनेला लागतात. रिपोर्टमध्ये ‘पुन्हा बोलावलंय’ किंवा ‘सोनोग्राफी करा’ असं आलं तर लगेच कॅन्सर समजू नका. अशा बोलावलेल्या बहुतेकींना काही निघत नाही. पण जायचं मात्र नक्की.

आणि मधल्या काळात अंघोळीच्या वेळी कधी गाठ लागली, स्तनाची त्वचा संत्र्याच्या सालीसारखी खड्डे पडलेली दिसली, स्तनाग्र आत ओढलं गेलं, त्यातून रक्त आलं किंवा काखेत गाठ आली, तर शिबिराची, पगाराची, अमावास्या-पौर्णिमेची वाट बघायची नाही. गाठ दुखत नाही म्हणून ती साधी, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे आणि त्याने फार नुकसान केलंय. बहुतेक गाठी साध्याच असतात, पण ते ठरवायचं काम बायोप्सीचं.

आता त्या मुलीबद्दल. जाऊबाईंना मुलगी आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल, तर तुमच्या घरात ज्या व्यक्तीची काळजी करायची ती हीच. तुमची पुतणी. तिच्या आईला पन्नाशीच्या आत हा आजार झाला, आणि आजीलाही झाल्याचं तुम्ही म्हणता. दोन पिढ्यांत असं दिसतं तेव्हा तो आनुवंशिक असण्याची शक्यता डॉक्टर तपासून बघतात. ही जनुकांची तपासणी आधी आजारी व्यक्तीची करतात, म्हणजे जाऊबाईंची. त्यात दोष सापडला तरच मग मुलीची, आणि जाऊबाईंच्या सख्ख्या बहिणींची. जाऊबाई ज्या डॉक्टरांकडे गोळ्यांसाठी जातात त्यांना पुढच्या फेरीत हा प्रश्न स्पष्ट विचारायचा: ‘माझ्या मुलीला धोका आहे का, माझी जेनेटिक तपासणी करावी का?’ आईला ज्या वयात आजार झाला त्याच्या दहा वर्षं आधीपासून मुलीची नियमित तपासणी सुरू करावी, असा एक ठोकताळा आहे. म्हणजे अडतिसाव्या वर्षापासून. आनुवंशिक दोष निघाला तर त्याहून पुष्कळ आधी, आणि तरुण वयात मॅमोग्राफीपेक्षा एमआरआय उपयोगी पडतो. तोवर वर्षातून एकदा जाणत्या डॉक्टरांकडून हाताने तपासणी. मुलगा असेल तर त्यालाही हे माहीत असू द्या, आईकडून हा दोष त्याच्यातही येऊ शकतो आणि त्याच्या मुलींकडे जाऊ शकतो.

लग्नाच्या बाजारात मुलीचं नाव खराब होईल म्हणून हे झाकून ठेवायचा मोह जाऊबाईंना होईल. त्यांच्याशी तुम्हीच बोला. त्यांच्या आजारपणात तुम्ही रात्री जागवल्या असणार, तुमचं त्या ऐकतील. आणि बोलायला जाल तेव्हा आधी त्यांच्या फाईलमधला बायोप्सीचा कागद शोधा. ऑपरेशनच्या बिलांच्या गठ्ठ्यात तो कुठेतरी असेल. डॉक्टर सगळ्यात आधी तोच मागतील.